पावसाळा कसा काढशील?

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती ज्याने रचली तो बहुधा देशावरचा असणार. आमच्या कोकणात शेती म्हणजे डोंगरउतारावरचे चार तुकडे, थोडं भात आणि थोडी नाचणी. वर्षभर पुरेल एवढं पिकलं तर नशीब म्हणायचं. म्हणजे म्हणीतला पहिला क्रमांक आमच्याकडे रिकामाच. उरले दोघे, व्यापारी आणि नोकर. यांपैकी आपण कोण व्हायचं, हा प्रश्न आमच्या खाडीच्या काठावर तीन-साडेतीनशे वर्षं विचारला जातो आहे. श्रोतेहो, आज त्या प्रश्नाचाच थोडा इतिहास सांगावा म्हणतो.

माझं गाव नाटे. रत्नागिरी जिल्ह्यातला राजापूर तालुका, आणि त्यात अर्जुना नदीची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथला उत्तरेचा काठ. गावात यशवंतगड आहे. समोर पलीकडे जैतापूर. शेजारी साखरी नाटे, मच्छीमारांची मोठी वस्ती आणि त्यातले बहुतेक आम्हीच, कोकणी मुसलमान. हा किल्ला इथे का बांधला ते कळायला इतिहासकाराची गरज नाही. तटावर उभं राहिलं की खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत दिसतं. गलबत दिसलं म्हणजे जकात दिसली.

ती गलबतं जायची राजापूरला. १६४९ साली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने राजापुरात वखार घातली, कारण घाटावरचा माल, विशेषतः मिरी आणि कापड, अणुस्कुऱ्याच्या वाटेने बैलांच्या पाठीवरून तिथे उतरत असे. इंग्रज यायच्या आधीपासून अरबांशी व्यापार होताच आणि इंग्रज गेल्यावरही तो राहिला. १८८०च्या सुमारास सरकारी गॅझेटियर लिहिणाऱ्याने नोंद करून ठेवली आहे, की जिल्ह्यातल्या सगळ्या बंदरांत अरबी जहाजं अजून थेट येतात ती एका राजापूरलाच. पण त्याच नोंदीत हेही आहे, की मोठं जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबतं. खाडी गाळाने भरत चालली होती. व्यापार जिवंत होता आणि त्याच्या पायाखालचं पाणी आटत होतं.

‘मराठी माणसाच्या रक्तात धंदा नाही’ असं कुणी म्हटलं की मला ही खाडी आठवते. इथे नाखवे होते, दलाल होते, गलबतांचे मालक होते, सराफ होते. हिंदू होते, मुसलमान होते. रक्ताचा काही संबंध नाही. संबंध आहे तो पंचांगाचा.

पंचांगाचा असा, की शिडाच्या जहाजाला आपला समुद्र वर्षातले आठ महिनेच मोकळा. मेअखेर नैर्ऋत्येचा वारा सुटला की बंदर बंद. गलबतं काठावर ओढायची, झावळ्यांनी शाकारायची आणि नारळी पौर्णिमेची वाट बघत बसायचं. या काळात माल हलत नाही, पैसा येत नाही. पोट मात्र हलतं. खलाशाला त्याची चिंता कमी; तो शेतावर नांगराला जातो, कुणाकडे मजुरी करतो. चिंता मालकाची. गलबताची डागडुजी, नवी दोरखंडं, शिडं, दसऱ्याच्या आधी खलाशांना द्यायचे आगाऊ पैसे, सगळं त्याच चार महिन्यांत उभं करायचं. ज्याने आठ महिन्यांतली कमाई घरखर्चात आणि मुलीच्या लग्नात घातली, त्याचं गलबत पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या नावावर पाण्यात उतरायचं. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं धंदा काढायला निघालेल्या पोराला भांडवल किती, अनुभव किती असलं काही विचारत नसत. एकच विचारत. पावसाळा कसा काढशील?

हा प्रश्न मला फार मोठा वाटतो, आणि मी काही व्यापारी नव्हे. बी.ए. झालो, नोकरी केली, कविता लिहिल्या. पण कवीला शब्दांची पारख असते आणि या तीन शब्दांत अर्थशास्त्राचं एक आख्खं प्रकरण आहे. ते प्रकरण लिहिलं रिचर्ड कॅन्टिलॉन नावाच्या माणसाने. जन्माने आयरिश, पॅरिसमध्ये सावकारी केलेला. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी, १७५५ साली, छापला गेला. जमीनदार आणि राजा सोडले तर बाकी सगळी माणसं दोन प्रकारची, असं तो म्हणतो: ठरलेल्या पगारावर जगणारी आणि न ठरलेल्या मिळकतीवर जगणारी. व्यावसायिक कोण? जो ठरलेल्या भावाने घेतो आणि न ठरलेल्या भावाने विकतो. त्याच्या या दुसऱ्या यादीत दुकानदार आहेत, कारागीर आहेत आणि गंमत म्हणजे भिकारी आणि दरोडेखोरही आहेत, कारण त्यांचीही उद्याची कमाई ठरलेली नसते. स्वतःच्या खर्चाने कवितासंग्रह छापणारे कवी त्याने धरलेले नाहीत. कागदाचा आणि छपाईचा भाव ठरलेला आणि गिऱ्हाइकाचा पत्ता नाही, तेव्हा आमचाही नंबर तिथे लागायला हरकत नव्हती.

मासळीचं तर सगळं गणितच असं. डिझेलचा भाव ठाऊक आहे, बर्फाचा ठाऊक आहे, खलाशांचं रेशन ठाऊक आहे. बंदरावर लिलावात मासळीला काय भाव निघेल ते अल्लाला ठाऊक. शेजारच्या चार बोटींना त्याच दिवशी तीच मासळी लागली की भाव पडलाच.

न ठरलेल्याची सवय नसलेला माणूस न ठरलेल्यात शिरला तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आमच्या खाडीतच आहे. राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन. हा कंपनीचा नोकर. कंपनीच्या नोकरांना पगार तुटपुंजा असे आणि बहुतेक जण कंपनीच्या व्यापाराआड आपला खासगी व्यापार करीत. नोकरीची सावली आणि धंद्याचं ऊन, दोन्ही त्यांना हवं होतं. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि आत शिवाजी महाराज होते. रेव्हिंग्टनला वाटलं, दारूगोळा विकण्याची ही नामी संधी. तो तोफ आणि गोळे घेऊन पन्हाळ्याला गेला, नुसता गेला नाही, इंग्रजी निशाण लावून किल्ल्यावर गोळे टाकले. महाराज वेढ्यातून निसटले. १६६१ मध्ये मराठी फौज राजापुरावर आली, वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैद झाले. काही जण १६६३ पर्यंत सुटले नाहीत.

यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट पुढची आहे. कैदेतून या मंडळींनी सुरतेच्या वखारीकडे तक्रार केली, की कंपनीसाठी आम्ही हे भोगतो आहोत आणि कंपनी आमच्यासाठी काही करत नाही. सुरतेहून उत्तर आलं त्याचा मतलब असा, की तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत. पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन, सगळे ओळखतात असं निशाण लावून गोळे फेकलेत, त्याची ही कैद आहे. म्हणजे नफा झाला असता तर व्यवहार कंपनीचा. अंगावर आलं तर तुमचं तुम्ही बघा. दुसऱ्याच्या भांडवलावर आणि दुसऱ्याच्या निशाणाखाली केलेलं धाडस हा धंदा नव्हे. तोट्याची बाजू कुणाच्या नावावर लिहिली जाणार, हे आधी ठरलं पाहिजे.

हे ठरवण्याची एक चांगली रीत समुद्रावर फार पूर्वीपासून होती. अरब व्यापाऱ्यांत तिला मुदारबा म्हणत. एकाने पैसा घालायचा, दुसऱ्याने मेहनत आणि अक्कल. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. नुकसान झालं तर पैसेवाल्याचा पैसा गेला आणि मेहनतवाल्याची मेहनत गेली. पैसेवाल्याने त्याच्यामागे वसुलीला लागायचं नाही. पैगंबरसाहेब तरुणपणी बीबी खदीजांचा माल घेऊन सिरियाकडे गेले ते अशाच बोलीवर, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. इटलीच्या बंदरांतही मध्ययुगात अशाच धर्तीचे करार होत. मला हे महत्त्वाचं वाटतं ते अशासाठी, की या रिवाजात प्रत्येकाला स्वतःची पारख आधी करावी लागते. माझ्याकडे पैसा आहे की हुन्नर? दोन्ही असल्याचा बहाणा चालत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत अशी पारख केलेली एक भागीदारी उभी राहिली. चीनशी व्यापार करणारे सर जमशेटजी जीजीभाई आपल्याला पुतळ्यांवरून आणि रुग्णालयावरून माहीत आहेत. त्यांचे भागीदार कोण होते? मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी, माळव्यातल्या मालाचे धागे त्यांच्या हातात. रोजेरियो द फारिया हे गोव्याचे ख्रिश्चन, त्यांची पोर्तुगीज बंदरांत ओळख. आणि महंमद अली रोगे, आमचे कोकणी मुसलमान, त्यांना जहाजं आणि जहाजांवरची माणसं कळत. एक पारशी, एक जैन, एक ख्रिश्चन, एक मुसलमान. माल कापसाबरोबर अफूचाही होता, तेव्हा त्यांची आरती ओवाळण्याचं कारण नाही. पण एकट्याला झेपणार नाही ते ओळखून, आपल्याला जे येतं तेवढंच घेऊन चौघे एकत्र आले, एवढं मात्र शिकण्यासारखं आहे.

मग कोकणाचं काय झालं? आगबोट आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून किनाऱ्याने आगबोटी सुरू झाल्या आणि आमच्या मुसाकाझी बंदरातही थांबू लागल्या. त्या आगबोटीने दोन कामं केली. गलबतवाल्याचा माल हळूहळू काढून घेतला आणि गलबतवाल्याच्या मुलाला मुंबईला नेलं. १८८१च्या खानेसुमारीत मुंबईत राहणारी एक लाखाहून अधिक माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. गिरण्या, गोदी, घरकाम, आणि आमच्या लोकांच्या बाबतीत विलायती कंपन्यांच्या बोटी. सारंग, तांडेल, सुकाणी हे शब्द तेच राहिले, बोट फक्त दुसऱ्याची झाली. गावात मनीऑर्डर येऊ लागली. पोस्टमन दर महिन्याला येतो, पावसाळ्यातही येतो. ज्या आईने नवऱ्याचं गलबत हातातून जाताना पाहिलं, ती मुलाला कशाला सांगेल नवं गलबत बांध म्हणून? म्हण उलटी झाली, नोकरी उत्तम ठरली. आमचे लोक भित्रे झाले म्हणून नव्हे. पावसाळ्यात येणारा पैसा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला म्हणून.

आता खाडी थोडी सोडून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाऊ. १८८५च्या आसपास तिथे दोन मराठी मुलं चित्रकला शिकायला आली. एक बेळगावकडचा लक्ष्मणराव किर्लोस्कर, दुसरा त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज फाळके. दोघांनीही पुढे नोकरी केली, दोघांनीही ती सोडली, दोघांनीही या देशात आधी कुणी धड न केलेली गोष्ट केली. आणि तरी माझ्या मते धंदा त्यातल्या एकालाच मानवला.

लक्ष्मणरावांना रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, तेव्हा चित्रकला सुटली. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. किर्लोस्कर मंडळी आपल्या उद्योगाची सुरुवात १८८८ पासून धरतात. ही सुरुवात म्हणजे बेळगावचं सायकलचं दुकान, आणि ते सांभाळत होते थोरले बंधू रामूअण्णा. लक्ष्मणराव मुंबईला पगारावर; इथून सायकली घेऊन तिकडे पाठवायच्या. म्हणजे एक भाऊ पावसात, एक छपराखाली. मुंबईत बढतीची वेळ आली आणि जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. आपल्याकडे ही गोष्ट स्वाभिमानाची म्हणून सांगतात, ती आहेच. पण राजीनामा देताना बेळगावात दुकान चालू होतं, हे सांगायचं राहून जातं.

पुढे लोखंडी नांगर. तो १९०३ साली तयार झाला आणि शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत. सुमारे दोन वर्षं नांगर पडून राहिले. त्या दोन वर्षांत कारखाना बंद का पडला नाही? कारण त्याआधी केलेलं कडबा कापायचं यंत्र विकलं जात होतं. हा किर्लोस्करांचा पावसाळा आणि त्यांनी तो असा काढला. १९१० मध्ये बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजेसाहेब पाठीशी उभे राहिले ते बावीस वर्षांचं काम डोळ्यासमोर होतं म्हणून.

फाळक्यांची गोष्ट मराठी माणसाला तोंडपाठ आहे. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडली, छापखाना काढला, जर्मनीला जाऊन तंत्र शिकून आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर चालता छापखाना सोडून बाहेर पडले. १९११ साली ख्रिस्ताचा चित्रपट पाहिला आणि वेड लागलं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आला आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. चित्रपट चालले, पैसाही आला. १९१८ साली भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. आणि पुन्हा तेच. भागीदार खर्चाचा हिशेब मागत, दादासाहेबांना तो कामातला अडथळा वाटे. दोनेक वर्षांत ते सगळं टाकून काशीला निघून गेले आणि तिथे नाटक लिहीत बसले. नंतर परत आले, पण ती भरती पुन्हा आली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले तेव्हा हाताशी काही उरलेलं नव्हतं.

दादासाहेबांना धंदा मानवला नाही असं मी म्हणतो, यात त्यांचा अनादर नाही. त्यांना निर्मिती मानवत होती. हिशेब मागणारा माणूस किर्लोस्करांना सहकारी वाटे, फाळक्यांना शत्रू. त्यांनी ‘पावसाळा कसा काढशील’ हे स्वतःला विचारलं असतं तर नोकरीच सोडली नसती आणि आपल्याला सिनेमा मिळाला नसता. कवी म्हणून मला त्यांनी ते विचारलं नाही याचं बरंच वाटतं. पण सरस्वतीबाईंना काय वाटलं असेल, तेही मनात येतं. घरातला एक माणूस धंद्यात उतरतो तेव्हा न ठरलेल्या मिळकतीवर घरातले सगळेच उतरलेले असतात. त्यांना विचारलेलं नसतं, एवढाच फरक.

विचार करून धंद्यात उतरणं आणि ढकलले जाऊन पडणं यातही फरक आहे. माझ्या पिढीने दोन मोठे ढकलले जाण्याचे प्रसंग पाहिले. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही आणि कोकणातली कितीतरी माणसं गावाला परतली ती परतलीच. मी तेव्हा शाळेत होतो. दुसरा प्रसंग ऑगस्ट १९९०चा. इराकने कुवेत घेतलं. आखातातल्या नोकरीवर आमच्या गावांतली निम्मी घरं उभी होती. कुवेतमधली माणसं कपड्याची पिशवी घेऊन अम्मानमार्गे विमानाने परत आली. त्या वेळी सरकारने दीड लाखाहून अधिक भारतीयांना परत आणलं.

ज्या नोकरीला आम्ही शंभर वर्षं ‘ठरलेली’ समजत होतो, ती एका रात्रीत न ठरलेली निघाली. मग उरलेल्या पैशातून कुणी किराणा दुकान टाकलं, कुणी रिक्षा घेतली, कुणी बोटीत भागी घेतली. काही टिकले. दुकानांचं बहुधा एका गोष्टीने वाटोळं झालं आणि ती म्हणजे उधारी. चार दुकानांच्या गावात पाचवं दुकान निघालं की पाचवा उधार देतो, आणि नात्यातल्या माणसाकडे पैसे मागायला त्याची जीभ रेटत नाही. मला वाटतं, आपल्याला धंदा मानवेल का हे ठरवताना माणसाने आरशासमोर उभं राहून एकदा म्हणून पाहावं: ‘चाचा, मागचे अडीचशे राहिलेत.’ हे वाक्य न अडखळता आणि न तोडता म्हणता आलं तर निम्मं काम झालं.

साखरी नाट्यात मात्र धंद्याची जुनी शाळा बंद पडली नव्हती. स्वातंत्र्यानंतर सहकारी संस्थांमार्फत कर्जं आली, होड्यांना इंजिनं बसली, पुढे ट्रॉलर आले, पर्ससीन जाळी आली. प्रत्येक बोट म्हणजे एक छोटा कारखानाच. फेरीचा डिझेल-बर्फ-रेशनचा खर्च आधी वजा, उरेल त्याचे वाटे: काही बोटीचे, काही जाळ्याचे, काही माणसांचे. प्रमाण बंदरागणिक आणि जाळ्यागणिक वेगळं. पण तत्त्व मुदारब्याचंच, मासळी लागली नाही तर मालकाचं डिझेल गेलं आणि खलाशाची रात्र गेली. ज्याला पुढे मालक व्हायचं तो आधी याच वाट्यावर बोटीवर जायचा. दोन हंगामांत त्याचं त्यालाच कळायचं, की आपल्याला नुसता समुद्र मानवतो की हिशेबही.

ही रीत आता पातळ होत चालली आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बऱ्याच बोटींवर नेपाळहून आलेले खलाशी आहेत आणि त्यांच्याशी बोली पगाराची असते. पगार ठरलेला, म्हणजे सगळं न ठरलेलं एकट्या मालकाच्या डोक्यावर. पावसाळाही आता कायद्याने ठरला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. २०१६ साली शासनाने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. मासळी टिकायची तर हे हवंच होतं असं माझं मत आहे, पण कर्ज काढून पर्ससीन घेतलेल्याला अचानक आठ महिन्यांचा पावसाळा लागला, हेही खरं. त्यात २०२०ची टाळेबंदी. मग मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ. डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण तो सरकारच्या सवडीने. मालकाने पैसे आधीच पंपावर भरलेले असतात.

अणुऊर्जा प्रकल्पाच्या वेळी बाहेरची शहाणी माणसं आमच्याकडच्या मच्छीमारांना म्हणत, प्रकल्प आला की नोकऱ्या येतील, तुम्हाला काय वाईट आहे? त्या आंदोलनात १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात साखरी नाट्यातला एक मच्छीमार मारला गेला. प्रकल्प बरा की वाईट हा वेगळा विषय आहे. पण ज्या कोकणाने शंभर वर्षं नोकरीसाठी गाव सोडलं, त्याच कोकणातला एक गाव दारात येणाऱ्या नोकऱ्यांना नको म्हणत होता, कारण त्यांच्याकडे स्वतःचा धंदा होता, तोट्यासकट. हे बाहेरच्यांना कळत नव्हतं.

गेल्या काही वर्षांत आखातातून परतणारे तरुण पुन्हा वाढले आहेत. त्यातला एक, नात्यातला, मागे माझ्याकडे आला. दहा वर्षांची बचत आणि बोटीत चार आणे भागी घ्यायचा विचार. मी धंद्यातला नसल्यामुळे माझ्याकडे निष्पक्ष सल्ला मिळतो असा लोकांचा समज आहे. मी त्याला बंदरावरच्या एका म्हाताऱ्या नाखव्याकडे नेलं. बोटीला इंजिन कुठलं, जाळं कुठलं, भागीदार कोण, यातलं काही म्हाताऱ्याने विचारलं नाही.

‘जून-जुलैला घरात काय येतं रे?’

‘काही नाही, चाचा. बचतीतून चालतं.’

‘आणि बचत बोटीत घातल्यावर?’

पोरगा गप्प. मग म्हातारा म्हणाला, पैसे बँकेत राहू देत, एक हंगाम याच बोटीवर वाट्याने जा आणि फेरीफेरीचा हिशेब वहीत लिही. आणि भागीदाराला सांग, की वही मी त्याच्यासमोर लिहिणार. वही बघून त्याच्या कपाळाला आठी पडली तर भागी घेऊ नकोस. तुझ्या कपाळाला पडली तरी घेऊ नकोस.

गेल्या मेमध्ये बोटी वर ओढायच्या दिवसांत तो वही घेऊन आला. फुलस्केप वही, तिच्या पानांना माशाचा वास. डिझेल, बर्फ, रेशन, जाळं शिवायला आलेल्यांची मजुरी, लिलावाचा भाव. ज्या फेरीला काही लागलं नाही तिथे शून्य, आणि अशी शून्यं मोजून एकवीस. बायकोने शेवटच्या दोन पानांवर घरखर्च लिहिला होता, दुसऱ्या शाईने. त्याने चार आण्यांऐवजी दोन आणे भागी घेतली. उरलेल्या पैशातून घराच्या पडवीत शीतपेटी बसवली आहे. जून-जुलैत बायको सुकी मासळी आणि कोळंबीचं लोणचं राजापूरच्या बाजाराला पाठवते.